सांडपाण्याची रोजकीर्द

जैन घरात पाणी गाळल्यावाचून माठात पडत नाही. गाळून झाल्यावर वस्त्रात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे किंवा नदीचे, त्याच पाण्यात अलगद परत सोडावेत, असाही दंडक आहे. त्यालाच जिवाणी म्हणतात. घेतले किती यापेक्षा परत काय गेले, याची जबाबदारी मोठी, हा त्यामागील विचार आहे.

मात्र वस्त्रात जीव अडकतात, विरघळलेले रसायन अडकत नाही. पाणी उकळले तरी त्यातील धातू व क्षार जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते. ही अशुद्धी घरी गाळता येत नाही. ती जिथे पाण्यात मिसळते, तिथेच अडवावी लागते, आणि ती जागा पुष्कळदा एखाद्या व्यवसायाची असते.

धाराशिवकरांना हे दूरचे वाटू नये. आपल्या शहरास उजनी धरणातून पाणी येते. उजनी भीमेवर आहे, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांवाटे अखेर भीमेतच उतरते. वरच्या अंगाला कोणी काय सोडले, याचा हिशोब खाली राहणाऱ्यांच्या माठात निघतो. तसेच आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी तेरणा पुढे लातूर जिल्ह्यात जाऊन मांजरेस मिळते आणि मांजरा गोदावरीस. धाराशिव, तेर, ढोकी या परिसरात जे सोडले जाते, ते कोणाच्या तरी पिण्यात येते.

आपल्या जिल्ह्यात साखर हा मोठा उद्योग. साखर कारखान्याने एक टन ऊस गाळल्यावर 200 लिटरहून अधिक प्रक्रिया केलेले सांडपाणी बाहेर सोडू नये, असे केंद्र सरकारचे 2016 चे मानक आहे. दररोज 2,500 टन गाळप करणाऱ्या कारखान्यास ही मर्यादा 5 लाख लिटरवर जाते. मळीपासून मद्यार्क करताना एका लिटरमागे साधारणतः 8 ते 15 लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. ते नदीत गेले तर त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे गुदमरून मरतात. ही हिंसा डोळ्यांआड घडते, एवढेच.

हे सारे मोजण्याची सोय कायद्याने केलेली आहे. 1992 मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती करून उद्योगांना वार्षिक लेखापरीक्षण अहवाल सक्तीचा झाला. 1993 पासून त्यास पर्यावरण विवरण असे नाव मिळाले. 31 मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचे हे विवरण 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावयाचे असते. त्यास नमुना 5 म्हणतात. व्यापाऱ्याने तो एकदा तरी स्वतः वाचावा. पाणी रोज किती लागले, उत्पादनाच्या एका नगामागे पाणी व कच्चा माल किती खर्च झाला, मागील वर्षी हेच आकडे काय होते, घातक कचरा किती निघाला व कोठे गेला, आणि प्रदूषण रोखण्याच्या उपायांचा उत्पादन-खर्चावर काय परिणाम झाला, हे सारे त्यात लिहावे लागते. हा ताळेबंदच आहे. फक्त रुपयांऐवजी लिटर आणि किलो.

बँकेत कर्जाच्या फाईलला मंडळाचे संमतीपत्र जोडलेले असते. त्यावरून परवानगी किती आहे ते कळते. प्रत्यक्ष व्यवहार कसा झाला ते विवरणातून कळते. म्हणून विवरण हे सल्लागाराकडून मागील वर्षीचे आकडे उतरवून घेण्याचे काम नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले असून नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षकांची व्यवस्था आखली आहे. हिशोब लिहिला की तो तपासणाराही येणार.

मोजल्याने खरोखर काही घटते का? याचे उत्तर सुरतेने दिले आहे, जरी तेथे प्रश्न पाण्याचा नसून धुराचा होता. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये तेथील कोळसा जाळणाऱ्या सुमारे 300 कारखान्यांच्या धुराड्यांतील धूलिकण सतत मोजण्याची व्यवस्था केली. त्यांपैकी निवडक कारखान्यांसाठी एकूण मर्यादा ठरवून उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. ज्याने धूर कमी केला, त्याने उरलेला परवाना विकला. या व्यवस्थेतील कारखान्यांचे धूलिकण इतरांच्या तुलनेत 20 ते 30 टक्क्यांनी घटले. जे वहीत आले, त्यास किंमत आली. आणि किंमत आली की व्यापारी ते वाया घालवीत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा कारखाना नाही, दुकान आहे. तेथे नमुना 5 लागू नसेल, पण मोरी तर आहे. सराफाच्या कारागिराकडे वापरलेले तेजाब, कृषी सेवा केंद्रात मुदत संपलेले कीटकनाशक, वाहनदुरुस्तीच्या जागी काळे तेल व जुनी बॅटरी, छापखान्यात शाई धुतलेले पाणी. यांतील एकही वस्तू गटारात जाता कामा नये. जळके तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यास, बॅटरी विक्रेत्यामार्फत उत्पादकास, मुदतबाह्य औषध कंपनीस परत, हे मार्ग उपलब्ध आहेत. दुकानाच्या वहीत एक पान यासाठी राखावे: तारीख, वस्तू, किती लिटर वा किलो, कोणास दिले, पावती क्रमांक. तीन महिन्यांनी बेरीज केली की कोठे नासाडी होते ते आपोआप दिसेल. आणि नासाडी म्हणजे पैशाचीही गळती.

श्रावकाचारात पंधरा कर्मादाने, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय, सांगितले आहेत. विषवाणिज्य हे त्यांपैकी एक. विष विकणार नाही, असे म्हणणाऱ्याने ते न विकता फुकट मोरीत ओतले, तर व्रताचा अर्थ काय उरला? यंदा वीर निर्वाणाच्या दिवशी नव्या वहीचे पूजन करताना हे एक पान आखून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पहिली नोंद करावी.