डाग ओळखा, मग हात घाला

आजच्या गप्पांचा विषय ऐकून नाक मुरडू नका. हे काम रोज आपल्याच वाट्याला येतं, पण ते कसं करावं हे कुणी आपल्याला शिकवलेलं नसतं. विषय आहे संडास धुण्याचा, तोही घरातल्याच चार वस्तूंनी.

हा विषय घ्यायला एक कारण घडलं. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या गटातल्या एका वहिनींनी भांड्यावरचे पिवळे डाग काढायला ब्लीचिंग पावडर टाकली. डाग जाईनात, म्हणून त्यावरच ॲसिड ओतलं. दार लोटलेलं होतं. क्षणात तिखट वाफ उठली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, खोकून खोकून श्वास घेता येईना. जावेनं आवाज ऐकून दार उघडलं आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. रात्रभर दवाखान्यात राहावं लागलं. आता त्या बऱ्या आहेत. "दोन्ही चांगली, मग एकत्र केली तर दुप्पट चांगली, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना तसंच वाटत होतं.

म्हणून आम्ही बसून हे नीट समजून घेतलं. पहिली गोष्ट कळली ती ही, की सगळे डाग एका जातीचे नसतात.

भांड्यावर जो पांढरा-पिवळा कडक थर बसतो, तो क्षारांचा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात, त्यात लघवीतले क्षार मिसळतात आणि दगडासारखं कवच तयार होतं. पाणी तापवायच्या हंड्यात आतून जो थर धरतो ना, त्याच जातीचं हे. साबणानं कितीही घासा, ते हलत नाही. ब्लीचिंग पावडरनं नुसतं पांढरं दिसतं, थर तिथेच राहतो. तो विरघळतो आंबटात. कुकर आतून काळा पडू नये म्हणून आपण त्यात लिंबाची साल टाकतो, पितळ उजळायला चिंच घेतो. इथंही आंबटच कामाला येतं. पाण्यातल्या लोहाचे तांबूस डागही आंबटानंच जातात.

दुसरी घाण म्हणजे चिकट मळ आणि वास. त्याला आंबट नको, साबण हवा. कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा, ब्रश आणि भरपूर पाणी, एवढ्यानं तो जातो.

आता कृती सांगतो. किराणा दुकानात लिंबाची फुलं मिळतात, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. अर्धा लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे विरघळवा. पाणी उकळतं घेऊ नका, चिनी मातीच्या भांड्याला तडा जाऊ शकतो. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर भांडं साध्या पाण्यानं धुवा. जुनं सुती फडकं या पाण्यात भिजवून डागावर पसरून ठेवा. नुसतं पाणी ओतलं तर ते उतारावरून वाहून जातं, फडक्यामुळे ते डागावर टिकतं. सकाळी फडकं हातमोजा घालून उचला, आत ढकलू नका. मग ब्रशनं घासा. जुना थर एका रात्रीत जाणार नाही. तीन-चार रात्री करावं लागेल. लिंबाची फुलं नसतील तर पांढरं व्हिनेगर तसंच, पाणी न घालता वापरा.

इथं एक सांभाळा. शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्याच जातीचे दगड. आंबट त्यांनाही खातं. फरशीवर सांडलं तर लगेच धुऊन काढा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की छान फेस येतो, आणि वाटतं, काम झालं. पण सोडा आणि आंबट एकमेकांना मारतात. फेस विरला की दोघांतही फारसा जोर उरत नाही. सोडा वेगळा वापरा, आंबट वेगळं.

वीट, वाळू किंवा तारेची घासणी लावू नका. भांड्याची चकाकी ओरखडली की त्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. राख आणि वाळू खालच्या वाकात साचून तुंबतंही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो थेट फुप्फुसाला इजा करतो. बाजारातल्या संडास धुण्याच्या बहुतेक बाटल्यांत ॲसिडच असतं, आणि आपलं लिंबू-व्हिनेगरही ॲसिडच. म्हणून एका दिवशी एकच वस्तू. लघवीवरही ब्लीचिंग टाकू नका, आधी पाणी ओता.

घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तेव्हा मात्र ब्लीचिंग पावडर उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा घ्या. नाकाला फडकं बांधा आणि मोकळ्या जागेत कालवा. भांडं, नळ, दाराची कडी, टमरेलाचा कान यांना लावा. दहा मिनिटांनी धुऊन टाका. रोज मात्र ते टाकू नका. टाकीतला किंवा शोषखड्ड्यातला मैला जिवाणू कुजवतात. ब्लीचिंग, फिनेल, ॲसिड रोज ओतलं तर ते जिवाणूच मरतात, आणि टाकी लवकर भरते.

चुकून तिखट वाफ उठलीच, तर पाणी ओतत आत थांबू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, दार उघडं ठेवा. डोळे जळत असतील तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. खोकला, धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा, आणि काय काय मिसळलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

सुटं ॲसिड घरात आणूच नका. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. तरीही कुठे कुठे ते थंड पेयाच्या बाटलीत भरून मिळतं, आणि लेकरू पाणी समजून तोंडाला लावतं. प्यायलं तर उलटी करायला लावू नका, तसंच दवाखान्यात न्या.

आणि शेवटचं. रोज वापरानंतर पाणी ओतलं, दोन दिवसांआड साबणाने ब्रश फिरवला, तर क्षारांचं कवच लवकर धरतच नाही. एवढं काम घरातल्या कुणालाही जमतं. वापरतात सगळे, मग ब्रश एकटीच्याच हाती का? त्या वहिनींच्या घरी आता दारामागे पाळीचा कागद लावलाय. पहिलं नाव दादांचं आहे. ब्रश धुऊन उन्हात ठेवायचं काम धाकट्या मुलाकडे.

तुमच्याही दारामागे असा एक कागद लावून बघा. आणि त्यावर सगळ्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात लिहा: एका दिवशी एकच वस्तू.