पोहण्याचा दाखला आणि पोशाखाचा प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपल्या की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. त्यात आजारी कोणीच नसते. तलावावरच्या उन्हाळी वर्गात मुलाचे नाव घालायचे तर ‘पोहण्यास हरकत नाही’ असा डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यासाठी ही मंडळी येतात. मी मुलाचे कान पाहतो, छाती तपासतो, अंगावर नायटा किंवा खरूज नाही ना ते बघतो, फिट येते का, दमा आहे का, एवढे विचारतो आणि सही करतो. पाच मिनिटांचे काम.

गेल्या आठवड्यात मात्र एका दाखल्याला पाऊण तास लागला.

बाजारपेठेत दुकान असलेले एक ओळखीचे गृहस्थ पत्नीला आणि सहावीतल्या मुलीला घेऊन आले होते. मुलगी ठणठणीत. तपासून झाल्यावर मायलेकी कंपाउंडरकडे फॉर्म भरायला बाहेर गेल्या आणि हे गृहस्थ खुर्चीतच बसून राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तिला पाणी सोसत नाही असं काहीतरी लिहून द्या ना.”

मी कारण विचारले. त्यांनी पिशवीतून मामाने पुण्याहून आणलेला पोहण्याचा पोशाख काढला. बिनबाह्यांचा, पाठीवर खोल गळा असलेला. “हे घालून ती तलावावर जाणार. अर्धं गाव तिथं असतं. आमच्या आईला काय सांगू? आणि मी नको म्हटलं तर पोरगी आठवडाभर धड जेवायची नाही. तुमचा शब्द ती ऐकेल.”

मला हसू आले नाही आणि रागही आला नाही. कारण असला दाखला मी स्वतः एकदा दिलेला आहे. कागदावर नव्हे, तोंडी, आणि तोही माझ्याच घरात.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला पोहायला शिकायचे होते. तिच्या आईची हरकत नव्हती. मीच पोशाख पाहिला आणि बिचकलो. पेशंटचे आई-वडील तलावाच्या कठड्याशी उभे असतील, डॉक्टरांची मुलगी म्हणून बघतील, असले काहीतरी मनात आले. ते सरळ बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी तिचा कान बॅटरीने पाहिला आणि सांगितले, “तुझा पडदा नाजूक आहे. पोहलीस तर कान फुटेल.” तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? बाप डॉक्टर होता. आता ती पुण्यात असते, तिचा मुलगा चार वर्षांचा आहे. मागच्या मे महिन्यात ती त्याला पाण्यात सोडून स्वतः काठावर बसली होती. मला म्हणाली, “बाबा, कानाला माझ्या कधी काही झालंच नव्हतं ना?” मी काय उत्तर देणार.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. मग त्यांच्या पत्नीला आणि मुलीला आत बोलावले. पत्नीची काळजी वेगळीच निघाली. “उन्हानं काळी पडेल हो, डॉक्टर.” शेवटी मी मुलीलाच विचारले, की बाळ, तुला हा पोशाख आवडला का? तिने मान हलवली. “मला हा नकोच आहे. माझी मैत्रीण गुडघ्यापर्यंतचा घालते, अर्ध्या बाह्यांचा, तसला पाहिजे. पण मामानं आणला म्हणून मी काही बोलले नाही.” म्हणजे बाप आठ दिवस ज्या पोशाखाशी भांडत होता, तो मुलीलाही नको होता. फक्त तिला कोणी विचारले नव्हते.

असे पुष्कळ घरांत होत असणार, म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट कापडाची. घरातला टी-शर्ट आणि सुती लेगिंग घालून मुलीला पाण्यात पाठवावे, असे अनेक आयांना वाटते. यात अडचण अशी, की सुती कापड पाणी पिऊन जड होते, लोंबते, हातापायांना ओढ लावते, आणि शिकाऊ मुलाला ती ओढ सोसत नाही. त्याचे धागे आणि रंग पाण्यात उतरतात, म्हणून बहुतेक तलावांवर ते चालूही देत नाहीत. पोहण्याचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, ताणले जाणारे असते. ते पाणी धरत नाही आणि लवकर वाळते. पोहताना ओढणी, कमरेच्या लोंबत्या नाड्या, गळ्यातला गंडा-दोरा, पायातले पैंजण हे सगळे घरी ठेवावे. पाणी खेचणाऱ्या जाळीत किंवा शिडीत अडकायला एवढेसे पुरते. लांब केस टोपीत घालावेत तेही यासाठीच.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे. गणवेशाला ती ठीक. पोहण्याच्या पोशाखाला अजिबात नाही. सैल पोशाखात पाणी भरते, खांद्याचे पट्टे उतरतात, आणि मूल एका हाताने पाणी कापते व दुसऱ्या हाताने कपडा सावरते. दुकानातच मुलाला दोन्ही हात वर करायला लावा, उकिडवे बसवा. कुठे काचले नाही आणि कुठे सुटले नाही, तर माप बरोबर.

अंग किती झाकावे, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. ते घराने आणि मुलाने मिळून ठरवावे. गुडघ्यापर्यंतचा आणि बाह्यांचा घट्ट पोशाख घालून कोणालाही उत्तम पोहता येते. अंगभर पोशाखाने पोहणे बिघडते म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. २००८-०९ साली मोठमोठे जलतरणपटू पॉलियुरेथेनचे अंगभर पोशाख घालू लागले आणि जागतिक विक्रम इतक्या भराभर मोडले, की २०१० पासून स्पर्धांत त्या पोशाखांवर बंदी घालावी लागली. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, एवढीच मुभा उरली. आपल्या पोरांना विक्रम करायचे नाहीत, तरंगायचे आहे.

झाकलेल्या अंगाचा आणखी एक फायदा उन्हाचा. उघड्या तलावावर दहानंतरचे ऊन कातडी भाजते, मग रंग कोणताही असो. पांढरी सुती बनियन घातली म्हणजे संरक्षण झाले, हा समज चुकीचा आहे. ती भिजली की कोरडीपेक्षा जास्त ऊन आत सोडते. दाट विणीचा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा मात्र खरेच काम करतो. तरीही शक्यतो सकाळचाच वर्ग धरावा.

रंगाचा विचार कोणी करत नाही. मुलींसाठी आकाशी आणि मुलांसाठी गडद निळा घेतात, आणि नेमके हेच रंग निळ्या फरशीच्या तलावात दिसेनासे होतात. विहिरीच्या किंवा नदीच्या गढूळ पाण्यात काळा, हिरवाही तसाच. भडक केशरी, पोपटी-पिवळा, राणी असा रंग घ्या. पाण्याखाली गेलेले मूल काठावरून दिसले पाहिजे, एवढेच त्यामागचे कारण.

मुलग्यांना लाज नसते, असे आपण गृहीत धरतो. आठवी-नववीतल्या कित्येक मुलांची छाती त्या वयात थोडी वाढते. बहुतेकांत ती एक-दोन वर्षांत आपोआप बसते, पण तोवर ती मुले उघड्या अंगाने पाण्यात उतरायला तयार नसतात, आणि घरचे म्हणतात भित्रा आहे. त्याला अंगात घालायला पोहण्याचा सदरा द्या. भीती गेलेली दिसेल.

सहावी-सातवीतल्या मुलींच्या आया आणखी एक प्रश्न विचारतात. पाळीत पोहण्याने अपाय होत नाही. पण पॅड पाण्यात भिजून निकामी होते, म्हणून एवढ्या लहान मुलींनी ते तीन-चार दिवस सुट्टी घेतलेली सोयीची. त्याची कारणे प्रशिक्षकाला देत बसण्याची गरज नाही.

पोहून झाल्यावर ओला पोशाख अंगावर ठेवून वडापाव खात बसणारी मुले पंधरा दिवसांनी माझ्याकडे जांघेतला नायटा घेऊन येतात. लगेच साध्या पाण्याने अंघोळ, जांघा कोरड्या, सुती कपडे, आणि पोशाख धुऊन सावलीत वाळवलेला, एवढे पाळले तर पुष्कळ टळते. नायटा झालाच तर दुकानातून मिश्रणाचे मलम आणून लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आत पसरतो. अशा मलमांनी चिवट झालेले नायटे आता महिनोन् महिने हटत नाहीत.

त्या गृहस्थांची खरी भीती कपड्याची नव्हती, लोकांच्या नजरेची होती. ती मी खोटी म्हणत नाही. पण तिचा बंदोबस्त तलावावर जाऊन करायचा असतो. मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? काठावर मोबाइलने फोटो काढू देतात का? देत असतील तर व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करा. मुलांना शिकवताना प्रशिक्षकाचा हात कुठे असतो, हे पहिले काही दिवस बसून पाहा. आणि पोराला घरी सांगून ठेवा, की कोणी नको तिथे हात लावला तर आधी आमच्याकडे यायचे, आम्ही रागावणार नाही. मुलगा असो की मुलगी, सारखेच सांगा.

हे सगळे मी एवढ्या तपशिलाने लिहितो, त्याला एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी शेततळ्यातून काढलेली नऊ वर्षांची एक पोर माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. अंगावर शाळेचा गणवेश होता. तासाभरापूर्वीच सगळे संपलेले होते, तरी मी छाती दाबत राहिलो, कारण तिचा बाप समोर उभा होता. शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते. उतारावर शेवाळ धरले की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. देशात २०२२ या एका वर्षात बुडून गेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांवर आहे. त्यातले बहुतेक पोहायला म्हणून नव्हे, रोजच्या कपड्यांतच पाण्यात गेले असणार. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या परीक्षेत अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवावे लागते. आपल्याकडेही मूल नीट पोहू लागले, की एक दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जुन्या कपड्यांत पोहायला लावावे. शेततळ्याच्या कडेला मात्र पोहणाऱ्यांनीही जाऊ नये.

त्या मुलीला मी दाखला दिला. मामाचा पोशाख बदलून गुडघ्यापर्यंतचा, केशरी रंगाचा आणला, असे तिच्या आईने फोनवर कळवले. आजीने काही विचारले नाही म्हणे. फक्त ‘टॉवेल मोठा ने’ म्हणाली.

ज्यांना दाखला हवा आहे त्यांनी सकाळी दहाच्या आत यावे, आणि मुलाला बरोबर आणावे. परवा दोघे वडील नुसता फोटो घेऊन आले होते. फोटोत कान तपासता येत नाहीत.