समुद्रतळावरचे शेवाळ मोजायचे कसे?

हिवाळ्यात मोठ्या ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात, तर तपकिरी सारगॅसम आणि हिरवे उल्व्हा पसरलेले दिसेल. सारगॅसमपासून अल्जिनिक आम्ल मिळते, तर त्याच्या आडोशाला लहान मासे वाढतात. एखाद्या किनाऱ्यावरून शैवाल किती काढू द्यावे, हे ठरवण्यापूर्वी तळाचा शेकडा किती भाग त्याने झाकला आहे, हे कळावे लागते. आकडा फुगला तर कापणी जास्त होईल आणि माशांचा निवारा जाईल.

पहिली रीत चौकटीची. ५० सेंटिमीटर बाजूची चौकट घेऊन दोऱ्यांनी तिचे २५ सारखे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन म्हणजे ४ टक्के. त्यात किती शैवाल आहे, याचा अंदाज डोळ्यांनी करतात. हे काम झटपट होते, पण दोन निरीक्षकांचे अंदाज सहसा जुळत नाहीत. शैवाल दिसले की अख्खा चौकोन भरला असे धरले, तर घोटाळाच! सर्व चौकोन पाव-पाव झाकलेले असले, तर खरी व्याप्ती २५ टक्के. पण उत्तर येईल १००!

दुसरी रीत बिंदूंची. तळावर कोठेही, आवडनिवड न करता १०० बिंदू घ्यायचे. ४० बिंदूंखाली शैवाल सापडले, तर व्याप्ती ४० टक्के. येथे अंदाजाला वाव नाही; मात्र योगायोगाने उत्तर साधारण ५ टक्क्यांनी इकडेतिकडे होते. ही चूक निम्मी करायची तर २०० नव्हे, ४०० बिंदू लागतात. शिवाय एखादी जात केवळ १ टक्का जागेवर असेल, तर १०० बिंदूंत ती मुळीच न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते.

तिसरी रीत उपग्रहाची. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाजूचा असतो. त्यात आपल्या ४०० चौकटी मावतील! विस्तीर्ण किनारा एका दमात दिसतो, परंतु पाणी तांबडा प्रकाश काही मीटरांतच शोषून घेते आणि गढूळ पाण्यात तळच दिसत नाही. म्हणून उपग्रहाचे चित्र पाणबुड्यांच्या मोजणीशी ताडून पाहावे लागते.

मग उत्तम रीत कोणती? दुर्मीळ जाती शोधायच्या तर चौकट, वर्षावर्षांची तुलना करायची तर बिंदू, विस्तार पाहायचा तर उपग्रह. मात्र एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी रीत वापरली, तर शैवाल बदलले की मोजमाप, हे कळणार नाही.

पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर शेवाळ धरते. तेथे पहिल्या दोन्ही रीती वापरून पाहा आणि उत्तरे ताडून बघा.