पडद्याशेजारचा आवाज

लेझरडिस्क ही वस्तू आपल्याकडे फारच थोड्या घरांत पोचली. लाँगप्ले रेकॉर्डएवढी, बारा इंची, चंदेरी आणि चांगलीच जड तबकडी. १९८४ साली अमेरिकेत ‘क्रायटेरियन कलेक्शन’ नावाच्या नव्या कंपनीने तिच्यावर दोन जुने चित्रपट काढले. पहिला ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’, दुसरा १९३३चा ‘किंग काँग’. या दुसऱ्या डिस्कवर एक गोष्ट अशी होती, जी तोवर कुठल्याच चित्रपटाला जोडलेली नव्हती. रिमोटवरून आवाजाचा ट्रॅक बदलला की संवाद मागे पडत आणि एक माणूस बोलू लागे. चित्रपट पुढे सरकत राही, आणि हा माणूस समोर दिसणाऱ्या दृश्याबद्दल सांगत राही.

तो माणूस म्हणजे रोनाल्ड हेव्हर, लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टच्या चित्रपट विभागाचा प्रमुख. जुन्या फिल्मवरून डिस्कसाठी चित्र उतरवून घेण्याच्या कामावर तो देखरेख करत होता. काम कंटाळवाणं, तासन् तास चालणारं. हेव्हर त्यात ‘किंग काँग’च्या गोष्टी सांगत बसे आणि मंडळी हातातलं सोडून ऐकत. जुन्या चित्रपटाचा आवाज मोनो, त्याला एकच ट्रॅक पुरे, दुसरा रिकामाच. मग हे किस्सेच त्यावर भरू, असं कंपनीच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट स्टाइन याच्या मनात आलं. ऑडिओ कॉमेंट्री नावाचा प्रकार जन्माला आला तो असा, मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून.

प्रकार दिसतो साधा, पण पुस्तकाला किंवा व्याख्यानाला न जमणारं काहीतरी त्यात आहे. पुस्तकात वाचलेलं दृश्य आपल्याला आठवावं लागतं. व्याख्याता चित्रपट थांबवून बोलतो. कॉमेंट्री करणाऱ्याला चित्रपटाच्याच वेगाने बोलावं लागतं. दृश्य सरलं की त्याचं वाक्यही संपलेलं हवं. ‘किंग काँग’ची ट्रिक-दृश्यं सांभाळणाऱ्या विलिस ओब्रायनच्या कारागिरांनी जेमतेम दीड फुटाची बाहुली एकेका फ्रेमसाठी केसभर हलवून काँग उभा केला, हे कुठेही वाचता येतं. पण तो डोळ्यांसमोर हलत असताना कुणीतरी ते सांगतं, तेव्हा पाहणं आणि कळणं एकाच क्षणी घडतं.

पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. हेव्हर १९९३ साली गेला. ‘किंग काँग’ची डीव्हीडी वॉर्नरने २००५ साली काढली, तिच्यावर कॉमेंट्री आहे ती स्पेशल इफेक्ट्सच्या दुनियेतल्या रे हॅरीहाउझन आणि केन रॅल्स्टन यांची. ती चांगलीच आहे, पण हेव्हरची नव्हे. लेझरडिस्क प्लेअर बनवणं पायोनियरने २००९ साली थांबवलं. बोनस म्हणून दिलेल्या सगळ्याच ऐवजाची अडचण इथे दिसते. चित्रपटाला निर्माता असतो, वारस असतात, हक्क असतात. तो एका माध्यमातून दुसऱ्यात जात राहतो. सोबतचा ऐवज डिस्क काढणाऱ्याचा. डिस्क बंद झाली की त्याला घर उरत नाही. क्वचित नशीब उघडतं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’साठी मार्टिन स्कॉर्सेसी आणि पटकथाकार पॉल श्रेडर यांची क्रायटेरियनने लेझरडिस्कच्या काळात केलेली कॉमेंट्री सोनीने २०११च्या ब्लू-रेवर पुन्हा आणली. पण हा अपवाद.

लेझरडिस्कचा आणखी एक गुण होता. तिच्या एका प्रकारात तबकडीच्या एका फेऱ्यात एकच फ्रेम असे. एका बाजूला अर्धाच तास मावे, पण त्या अर्ध्या तासात ५४,००० फ्रेम, आणि हव्या त्या फ्रेमवर चित्र स्वच्छ थांबे. म्हणजे डिस्कवर फोटो, स्टोरीबोर्ड, अख्खी पटकथा पानापानाने ठेवता येई. क्रायटेरियनने याचा सर्वांत चांगला उपयोग केला तो वेल्सच्याच ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी. हा चित्रपट मुळात १३१ मिनिटांचा. स्टुडिओने तो ८८ मिनिटांवर आणला आणि कापलेला भाग नष्ट केला. तो पुन्हा दिसणं शक्य नव्हतं. पण अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांच्या मदतीने पटकथा आणि रेखाटनं डिस्कवर आली, आणि चित्रपटात काय होतं याचा निदान नकाशा तरी प्रेक्षकाच्या हाती लागला.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ साली आली. तिच्यावर आवाजाचे आठ आणि सबटायटल्सचे बत्तीस ट्रॅक ठेवता येत. जागा झाली तशी ती भरायची घाई झाली, आणि बराच कचरा आला. नट म्हणतो दिग्दर्शक थोर, दिग्दर्शक म्हणतो नट थोर, निर्माता म्हणतो सगळं युनिट म्हणजे एक कुटुंब. पाच मिनिटांच्या या भाटगिरीला ‘मेकिंग’ म्हणायचे. वगळलेले प्रसंगही पाहिले की बहुतेक वेळा संकलकाचे आभार मानावेसे वाटतात. आणि खरं बोलणाऱ्यांचं काय होतं? बाँडच्या पहिल्या तीन चित्रपटांच्या क्रायटेरियन लेझरडिस्क १९९१ साली बाजारातून परत घ्याव्या लागल्या, कारण कॉमेंट्रीत त्या चित्रपटांच्या लोकांनी फारच मोकळेपणाने तोंड उघडलं होतं. मतं बोलणाऱ्याची, कंपनीची नव्हेत, अशी पाटी पुढे डीव्हीडीच्या सुरुवातीला सर्रास दिसू लागली. माझ्या दृष्टीने ती पाटी म्हणजे शिफारसच. ती आहे, म्हणजे निदान ऐकण्यासारखं काही असण्याचा संभव आहे.

मोकळेपणाचा उत्तम नमुना म्हणजे ‘द लाइमी’. स्टीव्हन सॉडरबर्गचा १९९९चा चित्रपट. मुलीच्या मृत्यूचा छडा लावायला लंडनहून लॉस एंजेलिसला आलेल्या म्हाताऱ्या गुन्हेगाराची गोष्ट. टेरेन्स स्टँप त्यात आहे. कॉमेंट्रीला दिग्दर्शकाबरोबर पटकथाकार लेम डॉब्स बसला आहे, आणि तो भांडतो. लटकं नव्हे, मनापासून. माझ्या पटकथेतल्या माणसांना भूतकाळ होता, तो तू कापलास. आता ही इथे अशी का वागतात ते प्रेक्षकाला कळणार कसं, ही त्याची तक्रार. सॉडरबर्ग शांतपणे ऐकून घेतो, कधी मान्य करतो, कधी आपली बाजू मांडतो. चित्रपटात काळाचे तुकडे मागेपुढे केलेले आहेत. लेखकाला त्यात आपला ऐवज हरवलेला दिसतो, दिग्दर्शकाला तोच त्याचा आकार वाटतो. पडद्यावरचा प्रसंग पुढे जात असतो आणि तुम्ही मनातल्या मनात कधी याच्या बाजूला, कधी त्याच्या. पटकथा आणि चित्रपट यांत नेमकं काय घडतं, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. लिहायला शिकणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात हे ऐकवावं.

शिकवण्याचं म्हणाल तर ‘बूगी नाइट्स’चा दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन याने ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’च्या लेझरडिस्कवरच्या जॉन स्टर्जेसच्या कॉमेंट्रीला फिल्म स्कूलच्या कित्येक वर्षांपेक्षा वरचं स्थान दिलं आहे. १९५५चा हा चित्रपट सिनेमास्कोपच्या सुरुवातीच्या दिवसांतला. एवढ्या रुंद पडद्यावर माणसं उभी कुठे करायची, हा तेव्हा रोजचा, व्यावहारिक प्रश्न होता, आणि स्टर्जेस त्याबद्दल एखाद्या जुन्या मिस्त्रीसारखा बोलतो. तो १९९२ साली गेला. थोडा उशीर झाला असता तर हे रेकॉर्डिंग झालंच नसतं.

भारतीय चित्रपटांच्या वाट्याला अशी निगुतीने काढलेली डिस्क थोडीच आली. ‘अपू त्रयी’ ही त्यांतली सर्वांत मोलाची. सत्यजित राय यांच्या या तीन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीत लागलेल्या आगीत होरपळल्या. फेकून द्याव्यात अशीच त्यांची अवस्था होती, पण हॉलिवूडच्या, ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्या जपून ठेवल्या. वीस वर्षांनी बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ रिळांना पुन्हा ओलावा देऊन, कडांची भोकं हाताने दुरुस्त करून ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळवला गेला. ‘अपुर संसार’साठी मात्र दुसऱ्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. २०१५च्या क्रायटेरियन संचात या कामावर कोगोनाडा याने केलेला छोटा माहितीपट आहे. तो आधी पाहावा आणि मग ‘पथेर पांचाली’ लावावा, असं मी म्हणेन. दुर्गा-अपूच्या चेहऱ्यावरचा प्रकाश कुठल्या राखेतून परत आणला आहे, हे ठाऊक असलं की तो वेगळा दिसतो. ‘जलसाघर’च्या डिस्कबरोबर तर श्याम बेनेगल यांनी रायांवर केलेला दोन तासांहून मोठा माहितीपट मिळतो. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’सोबत मुंबईच्या बारमध्ये नाचणाऱ्या बायकांवरचा ‘इंडिया कॅबरे’ आहे. एरवी हे शोधायला कुठे जायचं?

गंमत अशी की, चित्रपट कसा होतो हे प्रेक्षकाला दाखवायची हौस आपल्याकडे फार जुनी. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट केला होता. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. त्याचा काही भाग शिल्लक आहे. भारतीय चित्रपटाच्या जनकानेच ‘मेकिंग’चीही सुरुवात करून ठेवली होती म्हणायचं. अलीकडचं म्हणाल तर ‘लगान’वरचा सत्यजित भटकळ यांचा ‘चले चलो’. भुजजवळ उभारलेलं गाव, महिनोन् महिने एकत्र राहिलेलं युनिट, उन्हात क्रिकेटचा सामना चित्रित करताना झालेले हाल, हे सगळं त्यात भाटगिरीशिवाय येतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मराठी डिस्कवर मात्र यातलं फारसं काही आलं नाही. आपल्या घरात आली ती व्हीसीडी. एका सीडीवर सव्वा तास, चित्रपट दोन-तीन सीड्यांवर कसाबसा मावे, तिथे दुसरा ट्रॅक कुठून येणार? मोझर बेअर कंपनीने २००७ साली २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चित्रपट घराघरांत पोचले, ही केवढी सोय झाली! पण त्या किमतीत मेनूवर ‘गाणी’ असं एक बटण मिळे, तेच बोनस. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून क्रायटेरियनची डिस्क मागवावी तर ती तिकडच्या रिजनची, म्हणजे जगाच्या त्या भागापुरती कुलूपबंद. आपला रिजन ५चा प्लेअर तिला हात लावायला तयार नसे. मग गल्लीतला जाणकार रिमोटची काही बटणं ठरावीक क्रमाने दाबून प्लेअरचं कुलूप काढून देई.

म्हणून जे राहून गेलं त्याची यादी केली की चरफड होते. ‘सामना’ घ्या. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत होता. डीव्हीडीचा बहर होता त्या वर्षांत पटकथा लिहिणारे विजय तेंडुलकर होते, हिंदुराव झालेले निळू फुले होते, मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू होते. तेंडुलकर २००८ साली गेले, फुले २००९ साली, लागू २०१९ साली. हिंदुराव आणि मास्तर समोरासमोर येतात त्या दृश्यावर निळूभाऊ आणि डॉक्टर काय बोलले असते? तेंडुलकरांनी डॉब्ससारखी तक्रार केली असती, की गप्प बसून ऐकलं असतं? त्यासाठी लागलं असतं ते एवढंच: एक शांत खोली, दोन-तीन माइक, एक टीव्ही आणि दोन तास.

आता दुकानं गेली. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३मध्ये थांबवलं. स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा नुसता चित्रपट असतो. क्रायटेरियनची स्वतःची वाहिनी २०१९पासून आपल्या डिस्कवरचा बराच ऐवज दाखवते, ती भारतात उघडत नाही. पण कॉमेंट्रीला आता डिस्कची गरजही उरलेली नाही. चित्रपट एकीकडे लावावा, आवाजाची फाइल दुसरीकडे फोनवर, आणि दोन्ही एकाच क्षणी सुरू करावेत. चित्रपटाच्या हक्काला धक्काही लागत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मराठी चित्रपटांचे संकलक, ध्वनिमुद्रक, कॅमेरामनचे सहायक यांतली काही मंडळी अजून पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी. ते नटांपेक्षा जास्त खरं बोलतात.