निरोपाचा मान

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते 1803 च्या ऑगस्टात. त्या महिन्याच्या 8 तारखेस आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून पेठेचा कोट घेतला आणि तोफांचा मारा सुरू झाल्यावर 12 तारखेस शिंद्यांच्या किल्लेदाराने, शिबंदीस सुखरूप जाऊ द्यावे व आपल्या खाजगी मालमत्तेस धक्का लागू नये या करारावर, किल्ला हवाली केला. जिंकणाराने हरलेल्याची अब्रू राखण्याचा तो रिवाज होता.

पुढे 139 वर्षांनी, त्याच 8 ऑगस्टला, मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला; दुसऱ्या दिवशी पहाटे पकडलेले काँग्रेसचे पुढारी याच किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव असे ते 12 जण. अंगणातल्या खडकाळ जमिनीत बाग फुलवावी म्हणून नेहरूंनी खणायला घेतले, तो खालून जुन्या भिंती निघाल्या आणि एका भिंतीवर, बहुधा कोण्या काळच्या दरवाजावर, सुबक कोरलेले कमळ दिसले.

तहनाम्याची कलमे दफ्तरात राहतात. रयतेच्या स्मरणात राहते ते निशाण कसे उतरले आणि सलामी कोणी दिली एवढेच. म्हणूनच 15 ऑगस्ट 1947 च्या समारंभाची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. युनियन जॅक उतरवून तिरंगा चढवावा, अशी मूळ योजना होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या पारतंत्र्य सोसलेल्या लोकांना ते दृश्य डोळे भरून पाहावेसे वाटले असते, यात संशय नाही. तथापि त्याने इंग्रजांचे मन दुखावेल हे ध्यानी येताच, नगरच्या तटाआड अडीच वर्षांहून अधिक काळ काढलेल्या त्याच नेहरूंनी तो भाग गाळण्यास संमती दिली. हे दौर्बल्य नव्हते. यजमानपण आपल्याकडे आले आहे, याची ती पुरती जाणीव होती.

तीच जाणीव 28 फेब्रुवारी 1948 रोजी मुंबईत दिसली. भारतातून निघणारी अखेरची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, पंचम जॉर्जच्या आगमनाचे स्मारक म्हणून उभारलेल्या गेटवेपाशी आली, तेव्हा भारतीय जवानांनी तिला शस्त्रे सावरून मानवंदना दिली, त्याच कमानीची चांदीची प्रतिकृती भेट म्हणून हाती ठेवली. आणि गोरे शिपाई आपली निशाणे घेऊन, संथ पावले टाकीत, कमानीखालून समुद्राकडे चालते झाले.