पेनड्राइव्हची नाडीपरीक्षा

सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातील गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. बाजारात आलेले मिरचीचे पोते गाडीतून उतरते, काट्यावर चढते, त्याची वहीत नोंद होते आणि मग ते वखारीत जाते. संध्याकाळी एखादे पोते सापडेनासे झाले, तर अनुभवी मुनीम सगळी वखार उपसत बसत नाही. पोते गाडीतून उतरले का? काट्यावर चढले का? वहीत नोंद झाली का? अशा क्रमाने तो विचारत जातो. जेथे उत्तर ‘नाही’ येते, तेथेच शोध घ्यायचा.

आता समजा, याच गावातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल तयार झाला आहे. त्याची एकच प्रत पेनड्राइव्हवर आहे. उद्या तो घेऊन नांदेडला जायचे आहे. आणि शाळेच्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह जोडला, तर पडद्यावर काहीच उमटत नाही! अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, “फॉरमॅट करून टाक, लगेच चालू होईल.” पेनड्राइव्ह चालू होईलही, पण अहवाल मात्र हातचा जाईल. म्हणून पहिला नियम असा: माहिती दुसरीकडे उतरवून घेईपर्यंत पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहायचे नाही. आधी फक्त वाचायचे आणि विचारायचे.

पेनड्राइव्हच्या आत काय असते?

पेनड्राइव्हमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. एक स्मृतीची चकती, म्हणजे फ्लॅश मेमरी. तिच्यातील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌भार अडकवून ठेवलेला असतो. वीज काढून घेतली तरी तो तेथेच राहतो, म्हणूनच पेनड्राइव्ह खिशात घालून नेता येतो. ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधली. आज पेनड्राइव्हमध्ये वापरतात तो तिचा ‘नॅन्ड’ हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. दुसरा भाग म्हणजे नियंत्रक. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवायची हे तो ठरवतो आणि संगणकाशी बोलण्याचे कामही तोच करतो.

हे बोलणे ‘यूएसबी’ या जोडणीतून होते. तिचे पहिले प्रमाण १९९६ साली प्रसिद्ध झाले. ती घडवणाऱ्यांमध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट हेही होते.

साखळी कोठे तुटली?

पेनड्राइव्ह खोचल्यापासून फाइल दिसेपर्यंत चार पायऱ्या असतात. त्या क्रमाने तपासूया. येथे आज्ञांची रोमन अक्षरे एकेक करून दिली आहेत. ‘टर्मिनल’च्या खिडकीत ती लहान लिपीत, मधे जागा न सोडता टंकायची.

पहिली पायरी विजेची. नेहमीच्या चपट्या खोबणीचे, यूएसबी २ प्रकारचे टोक नीट पाहिले तर त्यात चार पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन पट्ट्यांतून ५ व्होल्टचा वीजपुरवठा होतो, आतल्या दोन पट्ट्यांतून माहिती जाते. बाहेरच्या पट्ट्या किंचित लांब असतात, त्यामुळे आधी वीज पोचते आणि मग बोलणे सुरू होते. पट्ट्यांवर धूळ किंवा गंज असेल, तर कोरड्या स्वच्छ कापडाने टोक पुसा. संगणकाच्या पुढच्या खोबणीपर्यंत आतून एक वायर आलेली असते आणि ती पुष्कळदा सैल झालेली असते. म्हणून पेनड्राइव्ह मागच्या खोबणीत लावून पहा. दुसऱ्या संगणकावर लावून पहा. तसेच दुसरा चांगला पेनड्राइव्ह याच खोबणीत लावून पहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष खोबणीत की पेनड्राइव्हमध्ये हे निश्चित कळते. प्रयोगशाळेत आपण हीच रीत वापरतो.

दुसरी पायरी ओळखीची. वीज मिळताच संगणक विचारतो, “तू कोण?” पेनड्राइव्ह आपला निर्माता, प्रकार व क्रमांक सांगतो. ही ओळख झाली की नाही हे ‘एल-एस-यू-एस-बी’ या आज्ञेने दिसते. लिनक्सची रोजनिशी वाचायची असेल, तर ‘डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा द्या. काही संगणकांवर तिच्याआधी ‘एस-यू-डी-ओ’ हा शब्द व एक मोकळी जागा टाकून परवलीचा शब्द द्यावा लागतो. पेनड्राइव्ह खोचल्यानंतर रोजनिशीच्या तळाशी ज्या नव्या ओळी येतात, त्या महत्त्वाच्या. एकही नवी ओळ आली नाही, तर पहिल्या पायरीकडे परत जा. ‘डिस्क्रिप्टर’ वाचता आला नाही, अशा अर्थाची ओळ उणे ७१ यासारख्या आकड्यासह वारंवार येत असेल, तर वीज पोचली पण संभाषण तुटते आहे असे समजावे. दोष बहुधा जोडणीचा, अपुऱ्या विजेचा किंवा नियंत्रकाचा असतो. अशा वेळी फॉरमॅटचा काहीही उपयोग नाही.

तिसरी पायरी नाव व मापाची. ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा दिली की संगणकाला जोडलेल्या सर्व साठवणींची यादी मिळते. संगणकाच्या आतील डिस्कचे नाव पुष्कळदा ‘एसडीए’ आणि पेनड्राइव्हचे ‘एसडीबी’ असते. त्यावरील पहिल्या विभागाला ‘एसडीबी१’ म्हणतात. परंतु नावावर विसंबू नका, माप पहा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह यादीत १४.९ किंवा त्याहून थोडा कमी दिसतो. यात कोणी फसवलेले नसते. कारखान्यात १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. ही आज्ञा मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा, म्हणजे २ च्या ३० व्या घाताचा, एक गट धरते. भागाकार करून पहा! माप शून्य दिसले, तर नियंत्रक जिवंत आहे पण त्याला स्मृतीपर्यंत पोचता येत नाही असा अर्थ होतो.

चौथी पायरी वहीची. पेनड्राइव्हवर कोणती फाइल कोठे आहे याची नोंद एका ठरावीक पद्धतीने ठेवलेली असते. ‘फॅट ३२’, ‘एक्सफॅट’, ‘एनटीएफएस’ अशा निरनिराळ्या पद्धती आहेत. ‘एल-एस-बी-एल-के’नंतर मोकळी जागा सोडून ‘उणे चिन्ह, एफ’ जोडले, की ही पद्धत यादीत दिसते. एक्सफॅटची वही वाचण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१९ साली, ५.४ या आवृत्तीत आली. त्यापूर्वीच्या जुन्या संगणकाला वेगळा कार्यक्रम घातल्याशिवाय ती वाचता येत नाही. पेनड्राइव्ह अगदी निरोगी असतो, संगणकाला त्याची लिपी येत नसते इतकेच. फॅट ३२ जवळजवळ सर्वत्र वाचता येते, मात्र तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. कधी कधी एवढी मोठी चित्रफीत घेताना पेनड्राइव्ह “जागा असून नकार देतो” त्याचे कारण हेच.

वहीत विसंगती आढळली, तर लिनक्स पेनड्राइव्हला ‘फक्त वाचनासाठी’ अशा अवस्थेत ठेवू शकतो. पुष्कळांना हा दोष वाटतो. खरे तर ती सावधगिरी आहे. फाइली दिसत असतील तर ही संधी साधा आणि सर्व फाइली प्रथम संगणकावर उतरवून घ्या. त्यानंतरच वही दुरुस्त करणारा ‘एफ-एस-सी-के’ हा कार्यक्रम चालवायचा, तोही पेनड्राइव्ह प्रणालीतून वेगळा करून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली. पेनड्राइव्हचे नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर भलतीच डिस्क दुरुस्तीला लागेल. फाइली दिसतच नसतील, तर ‘फोटोरेक’ हा विनामूल्य कार्यक्रम वही बाजूला ठेवून थेट वखारीत फाइलींच्या खुणा शोधतो. सापडलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर न ठेवता संगणकावर ठेवायच्या.

पेनड्राइव्ह निर्दोष, तरीही घोटाळा

दोन प्रसंगी पेनड्राइव्हवर उगाच आळ येतो. पहिला प्रसंग मराठी मजकुराचा. महाराष्ट्रात अनेक वर्षे प्रश्नपत्रिका व अहवाल श्रीलिपी, आयएसएम अशा पुण्यात तयार झालेल्या साधनांवर टंकले गेले. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या लिनक्स संगणकावर फाइल उघडली, की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. मूळ फॉन्ट घातला किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला, की तो पुन्हा वाचता येतो. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. म्हणून नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

दुसरा प्रसंग विषाणूचा. छपाईच्या दुकानातील विंडोज संगणकावरून आल्यावर फोल्डर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी बाण असलेली छोटी चित्रे दिसतात. हा विषाणू फोल्डर पुसत नाही, त्यांच्यावर ‘लपलेले’ अशी खूण करतो. लिनक्स ही खूण मानत नाही, त्यामुळे खरे फोल्डर तेथे पुष्कळदा सरळ दिसतात. कधी ते बिननावाच्या फोल्डरमध्ये दडवलेले असतात. ते उतरवून घ्यावेत. बाणांच्या फाइली मात्र विंडोजवर उघडू नयेत.

उपटून का काढू नये?

मुनीम गर्दीच्या वेळी पोती दारातच उतरवून घेतो आणि नोंद मागाहून करतो. लिनक्सही तेच करतो. फाइल आधी संगणकाच्या वेगवान स्मृतीत घेतो आणि सवडीने पेनड्राइव्हवर लिहितो. ही सवड साधारण ३० सेकंदांपर्यंतची असू शकते. “काम झाले” असे दिसले तरी काही पोती दारातच असतात. त्याच क्षणी पेनड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, तर माल अर्धा राहतो आणि वही अपुरी राहते. मराठवाड्यात भारनियमनाचा अनुभव घरोघरी आहे. म्हणून बॅटरीची सोय नसलेल्या संगणकावर मोठ्या फाइली उतरवताना विशेष काळजी घ्यावी. काम संपले की चित्रावर उजवी कळ दाबून ‘इजेक्ट’ निवडावे आणि संदेश आल्यावरच पेनड्राइव्ह काढावा.

करून पहा

महत्त्वाचे काहीही नसलेला जुना पेनड्राइव्ह घ्या. त्यावर सुमारे ५०० एमबीची फाइल उतरवा. उतरवण्याची खिडकी बंद होताच टर्मिनलमध्ये ‘एस-वाय-एन-सी’ ही आज्ञा द्या. राहिलेले सगळे लिहून झाल्याशिवाय ही आज्ञा संपत नाही. ती संपायला किती सेकंद लागले ते मोजा. निरनिराळ्या आकारांच्या फाइली व निरनिराळे पेनड्राइव्ह घेऊन तक्ता करा. वेळ शून्याजवळ आला, तर तुमच्या संगणकाने लिहिण्याचे काम लगेच उरकले असे समजा. वेळ जितका जास्त, तितका माल दारात पडून होता.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. लिनक्सचे पुढचे धडे मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाने मराठीतूनही तयार केले आहेत. आणि ज्यांच्या प्रदर्शनाचा अहवाल अजून एकाच पेनड्राइव्हवर आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी त्याची दुसरी प्रत काढावी.