पीटर कोवाल्ड: बास आणि गळा

जर्मन फ्री जॅझ ऐकायचंय? बासवादक पीटर कोवाल्डपासून सुरुवात करा. जन्म १९४४चा, वाढला वुपरटालमध्ये. तिथेच सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमनशी त्याचं जमलं. १९६८च्या ‘मशीन गन’ या गाजलेल्या अल्बममध्ये दोन बास आहेत, त्यातला एक त्याचा.

पण माझ्या मते खरा कोवाल्ड एकट्याने वाजवताना भेटतो. गज जाड तारांवर खरवडत जातो आणि मधेच त्याचा घोगरा, खर्जातला आवाज त्यात मिसळतो. लाकूड कुठलं, गळा कुठला, कळेनासं होतं!

जगभर फिरलेल्या या माणसाने १९९४-९५मध्ये वर्षभर वुपरटाल सोडलं नाही. कलाकारांनाच तिथे बोलावलं. २००२मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं, अवघ्या ५८व्या वर्षी.

‘वास डा इस्ट’ हा त्याचा एकल बासचा अल्बम हेडफोन लावून नक्की ऐका.